झाकली मूठ, उघडी वही
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दुसऱ्याची वही उघडी हवी असणाऱ्यालाच स्वतःची मूठ झाकलेली हवी असते, आणि बहुतेकांनी ते पत्रात स्वतःहून कबूलही केलं आहे. पत्रांतले ओळख पटेल असे तपशील आम्ही काढले आहेत.

प्रश्न : आमची ४० फ्लॅटची सोसायटी, मेंटेनन्स महिना ३,५०० रुपये. पाच फ्लॅटवाल्यांनी वर्षभर एक पैसा भरलेला नाही. खजिनदार या नात्यानं मी त्यांची नावं जिन्याखालच्या बोर्डावर लावली. त्यातल्या एकानं ‘बदनामी’ म्हणून वकिलाची नोटीस पाठवली. हेच गृहस्थ गेल्या वर्षी लिफ्टच्या कंत्राटाची सगळी बिलं मागत होते! पण खरं सांगतो, एकदा माझेही तीन महिने राहिले होते. तेव्हा माझं नाव तिथं लागलं असतं तर मलाही झोंबलं असतं. – खजिनदार, डोंबिवली

उत्तर : लिफ्टची बिलं मागताना ते बरोबर होते, आणि आता नोटीस पाठवताना ते अगदीच चूक आहेत असंही नाही. दोन्ही कागद एकाच कपाटात असले तरी त्यांची जात वेगळी. लिफ्टचं कंत्राट हा सगळ्यांच्या पैशाचा व्यवहार. सभासदाला हिशेब, ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि संस्थेशी झालेल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क सहकार कायद्यानं आणि उपविधींनी दिलेला आहे. यातला ‘स्वतःच्या’ हा शब्द महत्त्वाचा. शेजाऱ्याचं खातं पान उलटून वाचण्याचा सरसकट हक्क त्यात येत नाही.

पण थकबाकी ही फक्त थकवणाऱ्याची खासगी बाब नाही, हेही तितकंच खरं. तुमच्याच आकड्यांनी पाहा. पाच फ्लॅट, बारा महिने, ३,५०० रुपये म्हणजे २,१०,००० रुपये. ही तूट उरलेले ३५ फ्लॅट भरून काढतात, प्रत्येकी ६,०००. ज्याच्या खिशातून सहा हजार गेले त्याला ते का गेले हे कळलंच पाहिजे. शिवाय थकबाकीदार समितीवर येऊ शकत नाही, तेव्हा निवडणुकीच्या वेळी नाव पुढे येतंच.

तुमची चूक जागेची आहे. जिन्याखालचा बोर्ड सभासदांपेक्षा इतरच जास्त वाचतात. घरकाम करणाऱ्या मावशी, कुरिअरवाला, फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक, त्या घरातल्या मुलीचे वर्गमित्र. यांपैकी कुणाकडूनही सोसायटीचा एक रुपया वसूल होणार नाही.

आम्ही सुचवू ती पद्धत अशी. बोर्डावर दर महिन्याला नाव न घालता फक्त कोष्टक लावा : या महिन्याची मागणी किती, जमा किती, आणि थकबाकी चार रकान्यांत : तीन महिन्यांपर्यंत, तीन ते सहा, सहा ते बारा, वर्षावर. प्रत्येक रकान्यात किती फ्लॅट आणि किती रक्कम. फ्लॅट क्रमांक टाकू नका. ४० घरांच्या इमारतीत क्रमांक म्हणजे नावच. ज्याचं त्याचं बिल ज्याला त्याला, बंद पाकिटात किंवा त्याच्याच ई-मेलवर. दोन लेखी स्मरणपत्रांनंतरही दाद मिळाली नाही तर समितीत ठराव करा आणि मग नाव व रक्कम सर्वसाधारण सभेच्या कागदपत्रांत घाला. ते कागद फक्त सभासदांकडे जातात. ज्यानं बिलावर लेखी हरकत घेतली असेल त्याच्या नावापुढे ‘विवादित’ लिहा, आणि पैसे भरले की पुढच्या कागदात नाव येणार नाही हे बघा. जुनी यादी ग्रुपवर फिरत राहते आणि दोन वर्षांपूर्वी भरलेला माणूस अजून थकबाकीदारच राहतो, हे आपल्याकडे फार होतं.

गोंधळ बहुतेक वेळा बोर्डावर होत नाही, संगणकावर होतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळी ४० बिलं एकाच पीडीएफमध्ये काढतं आणि सचिव घाईत ती फाइल जशीच्या तशी ग्रुपवर टाकतात. किंवा एक्सेलमध्ये मोबाइल आणि बँक खात्याचे रकाने ‘हाइड’ करून पाठवतात. लपवलेला रकाना उघडायला दोन क्लिक पुरतात. पाठवायची असेल तर ते रकाने पुसा, वेगळ्या नावानं सेव्ह करा, पीडीएफ काढा आणि मगच पाठवा.

राहिली वसुली. त्यासाठी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज हा कायद्यानं दिलेला रस्ता आहे. मागणी बिलं, स्मरणपत्रं, ठराव आणि खातेउतारा एवढी फाइल तयार असली की तो रस्ता वाटतो तितका अवघड नाही. नोटिशीला उत्तर मात्र वकिलामार्फतच द्या, आणि यादी आजच उतरवा.

प्रश्न : दुकानात पाचशे रुपयांचा शर्ट घेतला तरी मोबाइल नंबर मागतात. नाही म्हटलं तर ‘सिस्टिम पुढे जात नाही’ म्हणतात. पण पॉइंट्स मिळतात तेव्हा मी स्वतःहून नंबर सांगतो. – कोल्हापूर

उत्तर : सिस्टिम पुढे जाते, गल्ल्यावरच्या मुलाला तसं शिकवलेलं नसतं एवढंच. बिलासाठी नंबरची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना केली आहे. ‘नंबर नाही, कागदी बिल द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. अडले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पॉइंट्ससाठी नंबर देणं हा सौदा आहे, तो तुम्ही समजून करता, त्यात काही विसंगती नाही. फक्त एक करू नका : सुटका म्हणून मनाला येईल तो नंबर ठोकू नका. तो कुणाचा तरी खरा नंबर असतो.

प्रश्न : मुलीचा बायोडाटा मी आमच्या नातेवाइकांच्या आणि समाजाच्या ग्रुपवर टाकला. आता तिला रात्री-अपरात्री अनोळखी फोन येतात. ती म्हणते, ‘मला विचारलंस का?’ चुकलं हे कळतंय, पण माहिती दाखवायचीच नाही तर स्थळं येणार कशी? आमच्या वेळी तर पत्रिका चार गावं फिरायची. – एक आई, सांगली

उत्तर : विचारायला हवं होतं. एकदा ‘लग्नाला तयार आहे’ म्हणाली म्हणजे बायोडाटा कुठंही टाकायला हो म्हणाली, असं होत नाही. पण तुमची अडचणही खरी आहे. ओळखीतून जमणाऱ्या लग्नात कुणालाच काही न दाखवता पुढे जाता येत नाही. आणि तुमच्या वेळची पत्रिका चार गावं फिरली तरी ती चार ओळखीच्या हातांतून फिरायची. कुणाकडून कुणाकडे गेली हे विचारत मागे जाता यायचं.

आता नेहमीचा बायोडाटा समोर ठेवा आणि एकेक ओळ परक्याच्या नजरेनं वाचा. पूर्ण नाव आणि जन्मतारीख : ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. म्हणजे ती फाइल कुणाच्या हाती लागली तर किल्ली तुम्हीच छापून दिली आहे. मामेकुळ : आईचं माहेरचं आडनाव, खात्यांच्या सुरक्षा प्रश्नांत हमखास विचारलं जाणारं. वडिलांचा मोबाइल : बहुतेक घरांत बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. कंपनीचं नाव, घरचा पत्ता आणि फोटो एकत्र : मुलगी सकाळी कुठून निघते आणि संध्याकाळी कुठून परतते, हे कुणालाही कळतं. वार्षिक उत्पन्न : ठगांना गिऱ्हाईक निवडायला सोपं. एकेक ओळ निरुपद्रवी आहे, पान मात्र नाही.

म्हणून पानं दोन करा. पहिलं ग्रुपवर किंवा मध्यस्थांकडे जाणारं. त्यात पहिलं नाव, जन्मवर्ष, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र (कंपनी नको), शहर, अपेक्षा. पत्रिका बघणाऱ्यांसाठी रास, नक्षत्र आणि चरण लिहा. छत्तीस गुणांचं मेलन चंद्राच्या राशी-नक्षत्रावरूनच होतं, त्याला जन्मवेळ लागत नाही. पूर्ण कुंडली आणि मंगळाचा विचार पुढच्या टप्प्यावर. तेव्हा ‘पत्रिकेसाठी सगळं द्यावंच लागतं’ हे पहिल्या फेरीत खरं नाही. संपर्कासाठी स्वतंत्र सिम घ्या आणि ते कुठल्याही बँकेला जोडू नका. फोन घेणारी व्यक्ती मुलगी नको, घरातलं मोठं कुणीतरी.

दुसरं पान दोन्ही बाजूंनी होकाराची चाहूल लागल्यावर, एकाच घरासाठी. त्यात जन्मतारीख-वेळ-ठिकाण, कुटुंब, पत्ता, आणखी फोटो. प्रत्येक फोटोवर तिरक्या फिक्या अक्षरांत ‘श्री. अमुक यांच्यासाठी’ आणि तारीख. यानं चोरी थांबत नाही, पण कुणाकडून फुटलं ते कळतं, आणि हे समोरच्यालाही कळत असल्यामुळे तो जरा सांभाळून राहतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका. तसा पाठवला तर कॅमेऱ्यानं नोंदवलेली जागा आणि वेळ सोबत जाऊ शकते. मागच्या भिंतीवर इमारतीचं नाव किंवा दारातल्या गाडीचा नंबर नाही ना, हेही पाहा.

वधू-वर सूचक मंडळानं आधारची झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. झेरॉक्सवर आडवं लिहा : ‘फक्त अमुक मंडळाच्या नोंदणीसाठी’ आणि तारीख. अक्षरं फोटोवरून जाऊ द्या, म्हणजे कापून वापरता येणार नाही. माहिती किती महिने ठेवणार, कुठं कुठं छापणार, लग्न ठरल्यावर काढणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या तरतुदींना अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. मावशीनं घरगुती ग्रुपवर पुढे ढकललेल्या बायोडाटाला मात्र हा कायदा लागत नाही. घरगुती, वैयक्तिक वापर त्यातून वगळला आहे. तिथं मावशीलाच फोन करावा लागतो.

जे पसरलं ते परत येत नाही. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण दोन दिवसांपर्यंतच चालतं आणि पुढे गेलेल्या प्रतींना हात लावत नाही. ग्रुपच्या ॲडमिनना काढायला सांगा, आणि नवं पहिलं पान ‘जुना बायोडाटा रद्द’ अशा ओळीसह टाका. ते टाकण्याआधी मुलीला वाचायला द्या. ती दोन ओळी खोडेल. खोडू द्या.

प्रश्न : घरकुल योजनेच्या लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागितली. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. गंमत अशी की तीन वर्षांपूर्वी अशाच एका यादीत माझा आधार क्रमांक छापला गेला होता आणि तेव्हा मीच आरडाओरडा केला होता. आता ग्रामपंचायतीतले लोक म्हणतात, ‘तुमचं ते गुपित, लोकांचं ते उघडं?’ – धाराशिव जिल्हा

उत्तर : त्यांना सांगा, दोन्ही वेळी तुम्ही एकच गोष्ट म्हणत होतात. सरकारी पैसा कुणाला, किती, कधी मिळाला हे उघडं. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल हे झाकलेलं. यादीत आधार छापणं ही पारदर्शकता नव्हती, तो निष्काळजीपणा होता. आणि तेच निमित्त करून आता अख्खी यादी झाकायची, ही चलाखी आहे.

तुम्हाला मिळालेल्या नकारामागे एक खरा बदल आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या : तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्यानं खासगीपणावर अवाजवी आक्रमण झालं पाहिजे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, असंही त्यात होतं. नव्या माहिती संरक्षण कायद्यानं हे सगळं काढून फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागूही झालं. बाकीच्या तरतुदींना १८ महिने आणि ही मात्र ताबडतोब! १९९७ साली गोव्यानं आणि २००२ साली महाराष्ट्रानं, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, माहितीचा हक्क दिला होता. त्या परंपरेला हा कात्रीचा घाव शोभत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण वाट बंद झालेली नाही. कलम ८(२) शाबूत आहे : माहिती देण्यातलं सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठं असेल तर ती देता येते. कलम ४(१)(ख) मध्ये जी १७ प्रकारची माहिती न मागता प्रसिद्ध करायची आहे, त्यात अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील येतो. कलम १० प्रमाणे नको तो भाग खोडून उरलेला देता येतो. अर्जात हे तिन्ही आधीच वापरा.

अर्ज असा लिहा. ‘अमुक व्यक्तीला घरकुल कसं मिळालं’ असं विचारू नका. नाव घातलं की विषय व्यक्तीचा होतो. योजनेचं नाव, वर्ष, ग्रामपंचायत. मग ‘मंजूर लाभार्थ्यांची नावे, मंजूर रक्कम, प्रत्येक हप्त्याची रक्कम व तारीख. आधार, खाते व मोबाइल क्रमांक कलम १० नुसार वगळून द्यावेत.’ ही शेवटची ओळ नकाराची हवाच काढून घेते. ग्रामसभेत यादी वाचल्याचा ठराव असेल तर त्याची प्रत दुसऱ्या, स्वतंत्र अर्जात मागा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली म्हणून अर्ज परत येतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप. मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. तुमचा पहिला नकार ताजा असेल तर नवा अर्ज न करता अपिलातच ८(२) मांडा. तिथं ‘भ्रष्टाचार झाला आहे’ असं ढोबळ लिहू नका. यादीत गावात न राहणारी नावं आहेत, एकाच घरात दोन घरकुलं आहेत, असं जे दाखवता येईल तेवढंच लिहा.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे, पुण्यात असतात. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आहे. आई आणि दादा म्हणतात, त्यांना सांगायचं नाही, ते खचतील. मी इथं न्यू जर्सीत माझा स्वतःचा रिपोर्ट डॉक्टरांकडून एकटीनं ऐकला होता आणि तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी आधी ऐकून मला हळू सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यामुळे दादाला चूक म्हणायला तोंड होत नाही. – एक मुलगी

उत्तर : आधी कायद्याचं. सज्ञान, शुद्धीत असलेल्या रुग्णाची संमती त्याच्याऐवजी नातेवाईक देऊ शकत नाहीत. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात रुग्ण तपासणीसाठी भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले होते. सर्वोच्च न्यायालयानं ती संमती धरली नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणजे केमोच्या फॉर्मवर बाबांची सही लागणार, आणि ‘ताकदीची सलाइन’ म्हणून घेतलेली सही ही संमती नव्हे.

पण ‘कुणीतरी हळू सांगितलं असतं तर’ हे तुमच्या पत्रातलं वाक्यही आम्ही बाजूला टाकणार नाही. न ऐकण्याचाही माणसाला हक्क आहे. फक्त तो वापरायचा की नाही, हे बाबांनी ठरवायचं, दादानं नव्हे. म्हणून पहिला प्रश्न ‘सांगायचं का’ हा नसून ‘बाबांना किती ऐकायचंय’ हा आहे, आणि तो त्यांनाच विचारता येतो, आजाराचं नाव न सांगता. डॉक्टरांशी आधी बोलून वीसेक मिनिटांची वेगळी वेळ घ्या, ओपीडीच्या गर्दीतली नको. डॉक्टरांनी सुरुवात अशी करावी : ‘काका, तपासण्या कशासाठी केल्या असं तुम्हाला वाटतं?’ उत्तर नीट ऐकून मग : ‘रिपोर्टचं सगळं तुम्हाला स्वतःला ऐकायचंय, की मुलाशी बोलू आणि तुम्ही फक्त पुढं काय करायचं ते ऐकाल?’ खूपदा उत्तर येतं, ‘मला अंदाज आहे, सांगा.’ क्वचित, ‘पोराशी बोला.’ तसं म्हणाले तर ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. मग दादा जे करतोय तेच बाबांच्या परवानगीनं होईल.

लपवणं व्यवहारात टिकतही नाही. फाइलच्या पाठीवर विभागाचं नाव छापलेलं असतं. वॉर्डात शेजारचा रुग्ण विचारतो, ‘तुमची केमोची कितवी सायकल?’ औषधाच्या खोक्यावरचं नाव बाबा फोनवर टाइप करतात. मग आजार कळतोच, वर घरचे खोटं बोलत होते हेही कळतं, आणि पुढच्या महिन्यांत तेच जास्त लागतं.

शिवाय काही कामं फक्त तेच करू शकतात. मृत्युपत्र, खात्यांची नामनिर्देशनं, आणि वैद्यकीय इच्छापत्र : व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही याबद्दलचं. त्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. ज्याला आजारच माहीत नाही तो हे कागद कशाला करेल?

तुमच्यासाठी एक : बाबांची सही असलेलं, तुमचं नाव आणि ई-मेल लिहिलेलं पत्र रुग्णालयात द्या, म्हणजे डॉक्टर तुमच्याशी थेट बोलू शकतील. रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं कागदपत्रं मागितली तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात. आणि रिपोर्टची पीडीएफ ‘फॅमिली’ ग्रुपवर नको. त्या ग्रुपात बाबाही आहेत, हे घाईत विसरायला होतं.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची. क्लासहून यायला रात्रीचे नऊ होतात. तिच्या फोनमध्ये तिला न सांगता ट्रॅकिंग ॲप टाकावं का? माझ्या आईनं माझी डायरी वाचली होती, ते मी अजून विसरलेले नाही. – मडगाव

उत्तर : टाकू नका. डायरीचं तुम्हीच लिहिलंय. लपून बसणारी ॲप्स तिच्या मेसेज-फोटोंवरही हात मारतात आणि ती माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते ते तुम्हालाही कळत नाही. त्यापेक्षा क्लास सुटल्यावर तिनंच व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन लावावं. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय असतात, एक तास पुरतो, नंतर ते आपोआप बंद होतं. गूगल मॅप्समध्ये ‘बंद करेपर्यंत’ असाही पर्याय आहे, तो नको. तुम्हीही उशिरा येणार असाल तेव्हा तिला तुमचं पाठवा. आणि ठिपका हलला नाही म्हणून लगेच घाबरू नका. तळघरात, बॅटरी सेव्हर चालू असताना किंवा नेट गेल्यावर तो जुन्याच जागी अडकतो. आधी फोन करा. तातडीसाठी ११२ तिला पाठ असू द्या.

प्रश्न : समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दारावर कॅमेरा लावला. माझं दार उघडलं की माझा हॉल त्यांना दिसतो. पण माझं पार्सल चोरीला गेलं तेव्हा त्याच कॅमेऱ्यानं चोर दाखवला! आता तक्रार कोणत्या तोंडानं करू? – नाशिक

उत्तर : आभार आधी माना, मग तक्रार करा. काढायला सांगू नका, वळवायला सांगा. घरगुती कॅमेऱ्यात बहुधा २.८ मिलिमीटरची लेन्स असते. तिचा कोन शंभर अंशांच्या आसपास, म्हणजे पाच फुटांच्या पॅसेजमध्ये समोरच्या भिंतीची सुमारे १२ फूट रुंदी चित्रात येते. तुमचं दार तीन फुटांचं, ते सुटणं शक्यच नाही. दारावर बसवलेला कॅमेरा स्वतःच्या दाराकडे पाठ करून असतो. तोच पॅसेजच्या छताला, त्यांच्या दाराकडे तोंड करून लावला तर त्यांच्या उंबऱ्यावरचं पार्सल उलट जास्त स्पष्ट दिसतं आणि तुमच्या हॉलकडे पाठ येते. मात्र पॅसेज सामाईक आहे, समितीची लेखी परवानगी घ्या.

हलवणं जमत नसेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. चित्रावर चौकोन ओढला की तेवढा भाग काळा होतो. लावल्यावर तुमचं दार सताड उघडून, दिवे लावून, रेकॉर्ड झालेलं चित्र दोघांनी मिळून बघा. माइक बंद करायला सांगा. पॅसेजमधलं तुमचं बोलणं ऐकून चोर सापडत नसतो. फूटेज किती दिवस राहतं तेही विचारा. २ एमबीपीएसनं (सेकंदाला २ मेगाबिट या वेगानं) एक कॅमेरा दिवसाला २१–२२ जीबी भरतो, ६४ जीबीच्या कार्डात तीन दिवसही मावत नाहीत. कुणी ‘महिनाभराचं आहे’ म्हणालं तर एक तर कॅमेरा हालचाल झाली तरच टिपतो, किंवा चित्र कंपनीच्या सर्व्हरवर जातंय. दुसरं असेल तर पासवर्ड पेटीवर छापलेलाच ठेवलेला नाही ना, ते आधी बघा.

गोडीनं जमलं नाही तर समितीकडे लेखी अर्ज करा. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे चालवता येणार नाहीत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. तुमचं प्रकरण हुबेहूब तसं नाही, ते एका घरातलं होतं. पण अर्जाला त्याचा उल्लेख जोडायला हरकत नाही. दरम्यान, दाराला आतून पडदा लावा. दीडशे-दोनशे रुपयांत आजच काम होतं.